विजयदुर्ग नीट बघायचा तर: तिथी, ओहोटी, गोदी आणि साहेबाचे ओटे

विजयदुर्गला येणारे बहुतेक लोक दीड तासात परत जातात. मालवण-देवगड करून गाडी ऐन दुपारी किल्ल्यासमोर लागते, दरवाजात फोटो होतात, एका बुरुजावरून समुद्र बघून होतो, खाली येऊन कोकम सरबत आणि मग गाडी सुरू. अशा भेटीत किल्ला दिसतो, विजयदुर्ग दिसत नाही. हे आरमाराचं ठाणं होतं. किल्ला, त्यामागची वाघोटणची खाडी, खाडीच्या आत कातळात खोदलेली जहाजांची गोदी आणि गिर्ये गावातलं रामेश्वराचं देऊळ या सगळ्यांची मिळून एक गोष्ट होते. ती कळायला किमान एक मुक्काम हवा. दोन असतील तर फारच बरं.

सुट्टी बघण्याआधी तिथी बघा

किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या ठिकाणी जाताना मी पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. ओहोटीला जे दिसतं ते भरतीला पाण्याखाली असतं, आणि विजयदुर्गात बघण्यासारखं बरंच काही पाण्याच्या काठावरच आहे.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता. पंचमीला पावणेचारला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खडकांवर उतरायचं असेल तर मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक बघा किंवा जेटीवर कुणालाही विचारा. तिथल्या माणसाला ते घड्याळ न बघता सांगता येतं.

आता हे कामाला लावू. चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या दिवसांत उधाण असतं. पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. शिवाय ओहोटी येते संध्याकाळी पावणेपाच ते साडेपाचच्या दरम्यान, म्हणजे उजेड असताना आणि ऊन उतरल्यावर. सकाळी किल्ला आणि संध्याकाळी ओहोटीला गोदी हा बेत याच दिवसांत नीट जमतो. अष्टमी-नवमीला ओहोटी दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, फारसं हलत नाही. तिथी जुळत नसेल तर बेत रद्द करू नका, फक्त गोदीकडून अपेक्षा कमी ठेवा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो, पण उकाडा असतो आणि गावात कुणाला बोलायला वेळ नसतो. सगळे बागेत किंवा पेट्या भरण्यात. गणपतीत मुंबईकर चाकरमानी गावी आलेले असतात, एसटीत पाय ठेवायला जागा नसते आणि खोल्याही मिळत नाहीत. पावसाळ्यात जांभ्याच्या दगडावर शेवाळ धरतं, तटावर चालणं धोक्याचं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळीही बेताचीच. पावसातला विजयदुर्ग सुंदर दिसतो हे खरं, पण पहिल्या भेटीसाठी तो नव्हे.

पोहोचायचं कसं

विजयदुर्ग सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात. मुंबई-गोवा महामार्गावर तळेरे लागतं, तिथून पश्चिमेला वळायचं की वाघोटण, पडेल करत सुमारे पन्नास किलोमीटरवर रस्ता समुद्रापाशी संपतो. कोल्हापूरकडून येणारे गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीमार्गे तळेऱ्याला येतात. घाटांपैकी कुठला चालू आणि कुठला दुरुस्तीसाठी बंद, हे निघायच्या दिवशी विचारून घ्या. देवगडहून तीसेक किलोमीटर, पडेल कॅन्टीनच्या तिठ्यावरून.

रेल्वेने यायचं तर कोकण रेल्वेचं वैभववाडी, नांदगाव किंवा कणकवली स्टेशन. कणकवलीला जास्त गाड्या थांबतात आणि तिथून पुढे वाहन मिळणं सोपं पडतं. कुठल्याही स्टेशनावरून पुढे पन्नास किलोमीटरांहून जास्त रस्ता आहेच, तो प्रवासाच्या हिशोबात धरा. विजयदुर्गला एसटीचं स्थानक आहे आणि ते किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. गाड्या कमी आहेत, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या वेळा फळ्यावरून टिपून घ्या. नेटवरच्या वेळांवर विसंबू नका.

पन्नाशीच्या पुढचे लोक भेटले तर त्यांना बोटीबद्दल विचारा. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट विजयदुर्ग बंदराला लागायची. आज हे गाव रस्त्याचं शेवटचं टोक वाटतं. तेव्हा मुंबईचा माणूस इथे आधी पोहोचायचा आणि घाटाखालच्या गावात नंतर. गाव आडबाजूला गेलं ते रस्ते झाल्यावर.

मुक्काम आणि जेवण

गावात मोठी हॉटेलं शोधू नका. घरगुती निवास आहेत, छोटी लॉज आहेत, आदल्या दिवशी फोन केलेला बरा. जेवणाचंही तसंच. सकाळी सांगून ठेवलं तर दुपारी ताट मिळतं. दीड वाजता अचानक सहा माणसं दारात उभी राहिली, तर जे उरलं असेल ते. “आज काय मिळालंय?” असं विचारा, सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका. बांगडा, मोरी, तिसऱ्या, जे त्या दिवशी आलं असेल ते चांगलंच लागतं. सकाळी घावणे किंवा आंबोळ्या मिळतात का ते विचारून ठेवा. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, म्हणजे काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं.

रोख पैसे जवळ ठेवा. मोबाइलचं नेटवर्क गावात चालतं, खाडीच्या आत आणि तटाच्या कोपऱ्यात जातं-येतं. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

निघण्याआधी एवढं तरी वाचून जा

किल्ल्यावर वाटाड्या मिळतोच असं नाही, आणि पाट्यांवरून काळाचा क्रम लागत नाही. म्हणून चार टप्पे डोक्यात असू द्या.

पहिला टप्पा शिलाहारांचा. बाराव्या शतकाच्या शेवटी राजा भोज दुसरा याने किल्ला बांधला असं परंपरेने सांगतात. गिर्ये गावाजवळचा म्हणून तो घेरिया. दुसरा शिवाजी महाराजांचा. आदिलशाहीकडून किल्ला घेतला ते साल साधारणपणे १६५३ सांगतात. तेव्हा विजय नाम संवत्सर होतं, म्हणून विजयदुर्ग. आजच्या तिहेरी तटबंदीचं श्रेय त्यांच्या काळाला देतात.

तिसरा टप्पा आंग्र्यांचा, आणि विजयदुर्ग खरा उभा राहतो तो इथे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७१७ आणि १७२० साली इंग्रज आले, १७२४ मध्ये डच आले, आणि सगळे हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. मुलांमध्ये फूट पडली आणि पुढे विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तुळाजीचं पेशव्यांशी बिनसलं, आणि नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार खाडीच्या तोंडाशी आलं. सोबत फौज घेऊन रॉबर्ट क्लाइव्ह होता, तोच जो पुढच्या वर्षी प्लासीला दिसतो. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांच्या एका जहाजाने पेट घेतला. जहाजं एकमेकांना लागून नांगरलेली होती, आग एकीवरून दुसरीवर गेली आणि अख्खं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, किल्ला पडला. आतली लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळायलाही ऑक्टोबर उजाडला, आणि त्या बदल्यात बाणकोट द्यावा लागला.

मराठ्यांनी मराठ्यांचं आरमार इंग्रजांच्या हातून जाळून घेतलं, असं गावात आजही म्हणतात. मला हे म्हणणं थोडं सोपं वाटतं, कारण तुळाजीही कुणाला जुमानणारा नव्हता. पण त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल असं तोलामोलाचं आरमार पुन्हा उभं राहिलं नाही, हे मात्र खरं. चौथ्या टप्प्यात पेशव्यांचे सरसुभेदार आनंदराव धुळप इथूनच आरमार हाकत होते. १७८३ मध्ये त्यांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडलं. १८१८ ला सगळंच इंग्रजांकडे गेलं.

आणखी वाचायचं असेल तर एक खूणगाठ बांधा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्याआधीचे सगळे कागद रत्नागिरीच्या नावावर आहेत. १८८० चं जुनं गॅझेटिअर रत्नागिरी आणि सावंतवाडीचं आहे, विजयदुर्गची माहिती तिथे शोधायची. इंग्रजी कागदांत नाव ‘घेरिया’ किंवा ‘विझियाद्रुग’ असं येतं. आजच्या नावाने शोधलंत तर निम्मं हाती लागणार नाही.

किल्ला: सकाळी लवकर, आणि आधी बाहेरून

सूर्य वर यायच्या आत किल्ल्यापाशी या, पण आत घुसू नका. आधी जेटीवर जा. तिथून किल्ल्याची खाडीकडची बाजू दिसते आणि एक गोष्ट पटकन लक्षात येते. आत येणाऱ्या प्रत्येक जहाजाला या तटाच्या तोफांखालून जावंच लागे. किल्ला समुद्राकडे तोंड करून बसलाय असं आपल्याला वाटतं. त्याचं खरं काम खाडीचं तोंड राखण्याचं होतं.

मग जमिनीच्या बाजूला या. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. चौथ्या बाजूला पूर्वी खंदक होता, आज आपण सरळ चालत जातो ती जागा त्याचीच. पुढे जिभीचा दरवाजा. मुख्य दरवाजा बाहेरून दिसू नये म्हणून त्याच्यापुढे हे बांधकाम जिभेसारखं काढलंय. शत्रूला वळण घेऊन, अंग तटाला लावूनच यावं लागायचं. इथे थांबून मागे वळून बघा आणि वरून किती जागांवरून नेम धरता येतो ते मोजा. तटावर तोफगोळ्यांचे व्रणही शोधा. कोवळ्या तिरप्या उन्हात खळगे सावलीमुळे उठून दिसतात, दुपारी सपाट होऊन जातात.

आत गेल्यावर तटावरून एक पूर्ण फेरी मारा. सत्तावीस बुरुज सांगतात. सगळे मोजायची गरज नाही, पण तीन तट एकामागे एक कसे आहेत हे समजेपर्यंत फिरा. बाहेरचा पडला तरी आतल्यावरून लढता यावं अशी रचना आहे. समुद्राकडच्या बाजूला दगडाला डोळा लावून बघा. जांभ्याचा चिरा खाऱ्या वाऱ्याने खाऊन मधमाशांच्या पोळ्यासारखा झालाय, आणि काही ठिकाणी दोन चिऱ्यांमधला चुना मात्र कड धरून बाहेर उभा आहे. दगड झिजला, सांधा टिकला. चुना मळणाऱ्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

खलबतखाना, दारूकोठार, सदरेचे अवशेष वाटेत लागतात. त्यावर फार वेळ घालवू नका. भुयारं दाखवतो म्हणून कुणी बुजलेल्या वाटेत नेऊ लागला तर नम्रपणे नको म्हणा. काही ठिकाणी तट ढासळलेला आहे, तिथे कडेला उभं राहून सेल्फी काढणं म्हणजे संकटाला बोलावणं. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. रात्रीचा मुक्काम, चूल, परवानगीशिवाय ड्रोन, यातलं काही चालत नाही.

पाण्याखालच्या भिंतीबद्दल तुम्हाला नक्की ऐकवतील. किल्ल्यालगत समुद्रात बुडालेली एक लांब भिंत आहे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा शोध घेतलेला आहे. खोल तळाची परकी जहाजं तिच्यावर आपटून फुटत आणि उथळ तळाची मराठी गलबतं वरून निघून जात, असं सांगतात. गोष्ट झकास आहे. पण ती भिंत काठावरून दिसत नाही, ओहोटीलाही नाही. दिसणाऱ्या प्रत्येक खडकाच्या रांगेला ‘तीच ती भिंत’ म्हणून फोटो काढू नका.

साहेबाचे ओटे: ऐका आणि मग साल तपासा

किल्ल्यावर काही ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथे दुर्बिणी लावल्या आणि हेलियम शोधला, असं गावात सांगतात, नेटवरही तेच वाचायला मिळतं. दर १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो.

आता कागद बघा. १८६८ च्या त्या ग्रहणाची पट्टी दक्षिण भारतातून गेली हे खरं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता. नॉर्मन लॉकियर मात्र इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातली ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला, ती त्याने ऑक्टोबरमध्ये तिकडे, ग्रहण नसताना पाहिली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला. मग विजयदुर्गचं काय? तर लॉकियर इथे आला होता, खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्याने विजयदुर्गला तळ ठोकला होता. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते आणि त्या निरीक्षणांचा अहवाल छापलेला आहे. तारखा बघता हे ओटे त्याच वेळचे असणार असं मी धरून चालतो. ऑगस्टमध्ये, भर पावसात, कोकण किनाऱ्यावर सूर्य बघायला कोण येईल, हाही एक साधा प्रश्न आहेच.

म्हणजे साहेब खरा, ओटे खरे, ग्रहणही खरं. दोन ग्रहणं एकात मिसळली एवढंच. हे तिथे कुणाला चारचौघांत सुनवायला जाऊ नका. कुणी विचारलं तर १८९८ सांगा. ते काही कमी अभिमानाचं नाही.

गोदी: ओहोटीला, जुन्या बुटांनी

खाडीतून आत दोनेक मैलांवर, दक्षिण काठाला, आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे. रस्त्याने जायचं तर गिर्येच्या बाजूने, विचारत विचारत. ‘आंग्र्यांची गोदी’ म्हटलं तर कळतं. जुन्या गॅझेटिअरमध्ये तिची लांबी ३५५ फूट आणि तोंडाशी रुंदी २२७ फूट दिली आहे. इथे जहाजं बांधली जात, दुरुस्त होत आणि पावसाळ्यात वादळापासून लपवली जात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, यात काय बघायचं? चिखल, तिवरं, कातळ. थोडा वेळ उभे राहा. कातळाची कड सरळ कापलेली दिसू लागते. निसर्ग एवढी सरळ रेघ ओढत नाही. मग खाडीचं वळण बघा. समुद्रातून ही जागा दिसतच नाही, आणि इथवर यायला किल्ल्याच्या तोफा चुकवता येत नाहीत. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ खरवडायचा. तिथीचा हिशोब त्या सुतारांच्या हातात होता.

चिखलात उतरू नका, पाय मांडीपर्यंत जातो. काठावरूनच बघा. पाणी चढायला लागलं की निघा.

गिर्येचा रामेश्वर

गोदीच्याच फेरीत रामेश्वर मंदिर करता येतं. देवळाकडे जाणारी वाट जांभ्याचा कातळ कापून खाली उतरवली आहे. दोन्ही बाजूंना दगडाच्या उंच भिंती, मध्ये गारवा, आणि अचानक समोर कौलारू मंडप. भिंतींवरची जुनी चित्रं बघा, फ्लॅश मारू नका. आवारात कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांची समाधी दाखवतात. किल्ल्याचा इतिहास वाचून आल्यावर ती बघायला हवी. तोफा आणि जहाजांच्या गोष्टीत माणूस हरवतो, तो इथे सापडतो. पूजेच्या वेळी जाणार असाल तर गाभाऱ्याबाबत पुजारी सांगतील तसं वागा.

माणसांशी बोलताना

जेटीवर किंवा पारावर बसलात की पहिला प्रश्न येईल: “खंयसून इलास?” नुसतं पुणे-मुंबई म्हणू नका, मूळ गाव सांगा. त्यावरून ओळखीचा धागा निघतो आणि बोलणं सुरू होतं. म्हाताऱ्यांना काका, आजी म्हणा आणि इतिहास विचारू नका. ‘इथला इतिहास सांगा’ म्हटलं की माणूस पाटीवरचं पाठ म्हणतो. त्याऐवजी बोट कुठे लागायची, तुमच्या लहानपणी किल्ल्यात कोण राहायचं, गोदीत पाणी कुठवर यायचं, असं विचारा.

धुळपांचा वाडा गावात आहे. ते खासगी घर आहे, बघायचं असेल तर आधी कुणाकरवी विचारा आणि नाही म्हणाले तर मुकाट्याने परत फिरा. देवळात किंवा कुणाच्या घरी जुना कागद, तलवार, ताम्रपट बघायला मिळाला तर फोटो काढण्याआधी विचारा आणि घराच्या नावासकट नेटवर टाकू नका. चोरीच्या भीतीने लोक पुढच्या माणसाला दार उघडत नाहीत.

दुसरा दिवस हातात असेल तर देवगडचा किल्ला आणि पुढे कुणकेश्वर करून कणकवलीला निघता येतं. एसटीने जाणार असाल तर देवगडची सकाळची गाडी पकडा. दुपारची चुकली तर तिठ्यापर्यंत रिक्षा आणि पुढे मिळेल ते वाहन, त्यात तासभर जास्त धरा.